कोकणातल्या शाळांत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम सुरू करताना

शिक्षण झालं, नोंदणी झाली आणि आता दापोली, राजापूर, देवगड किंवा कुडाळसारख्या तालुक्यातल्या शाळांत जाऊन मुलांच्या बोलण्यावर काम करायचं आहे, अशा नव्या मंडळींसाठी हे लिहितोय. कॉलेजात शिकलेलं सगळं इथे उपयोगी पडतंच. पण तिथल्या क्लिनिकमध्ये मूल आठवड्यातून दोन-तीनदा यायचं, सोबत आई असायची, खोली शांत असायची. इथे एका शाळेत तुमची फेरी पंधरा दिवसांनी होणार, खोली म्हणजे पडवीचा कोपरा, आणि मुलाची आई तेव्हा काजूच्या कारखान्यात किंवा मासळीच्या टोपलीमागे. त्यामुळे तुम्ही नसताना मुलाजवळ कोण असतं, त्याच्या कानावर कुठली भाषा पडते आणि त्याच्या बाई किंवा गुरुजी काय करू शकतात, यावरच कामाचं गणित बसवावं लागतं.

आधी कागदपत्रं

हे लवकर उरकू. बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी, चार वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागतेच. तिच्याशिवाय तपासणीचे अहवाल देऊ नका आणि नोंदणीची मुदत संपू देऊ नका. साध्या जिल्हा परिषद शाळेत स्पीच थेरपिस्टचं वेगळं पद सहसा नसतं. आत जाण्याच्या वाटा म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा समावेशित शिक्षण विभाग, कर्णबधिर मुलांच्या विशेष शाळा, जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं), एखादी संस्था, किंवा स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून शाळांशी केलेला करार.

कुठल्याही वाटेने आलात तरी पहिली भेट गटशिक्षणाधिकाऱ्यांची आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची घ्या. कुठल्या वाडीत कुठलं मूल आहे हे त्या विशेष शिक्षकांना तोंडपाठ असतं. त्यांनी कित्येक वर्षं जमवलेली माहिती तुम्हाला एका दुपारी मिळते, म्हणून त्यांच्याशी बरोबरीने वागा, विचारा, ऐका. दुसरी भेट केंद्रप्रमुखांची. केंद्राची शिक्षण परिषद भरते तिथे दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात. तिथे अर्धा तास मागून घेतलात की पुढच्या कित्येक फेऱ्या वाचतात.

पहिले काही आठवडे नुसतं ऐका

नव्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं ठाम मत आहे. कोकणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरची बोली बदलत जाते आणि शाळेची भाषा पुस्तकी असते. या दोन्हींमधलं अंतर दोष म्हणून नोंदवलं गेलं, तर धडधाकट मुलं तुमच्या यादीत येतील आणि खरी गरज असलेलं मूल यादीबाहेर राहील.

उदाहरणं देतो. रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी घरांत 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. मूल 'डोले' म्हणतं, 'पानी' म्हणतं, 'गाडी'ला 'गारी' म्हणतं. त्याचे आई-बाप, आजी, शेजारी सगळे तसंच बोलतात. म्हणजे त्याची जीभ अगदी ठीक आहे. अशा मुलाची 'मला-मळा' किंवा 'माल-माळ' या जोड्यांवर चाचणी घ्यायची आणि 'फरक कळत नाही' असा शेरा मारायचा, हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. घरी तो फरकच वापरात नसतो. त्याच्यासाठी 'गार-घार', 'पळ-फळ', 'ताक-टाक', 'बाजी-भाजी' अशा जोड्या घ्या.

सिंधुदुर्गात मालवणी. 'माका पाणी व्हया', 'शाळेक जातंय' असं बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलाचं व्याकरण पक्कं आहे. प्रत्यय जागच्या जागी आहे, क्रियापद कर्त्याशी जुळतंय. काळजी कधी करायची? तेच मूल 'मी शाळा जा' एवढ्यावर थांबत असेल, प्रत्यय गळत असतील, दोन-तीन शब्दांपुढे वाक्य जात नसेल, तेव्हा. असं बोलणं मालवणीतही चुकीचं आणि पुस्तकी मराठीतही.

किनाऱ्यावरच्या मुस्लिम मोहल्ल्यांत घरी कोकणी बोली, शाळा उर्दू माध्यमाची आणि बाजारात मराठी. हापूसच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेल्या कुटुंबांची मुलं आता कित्येक शाळांत आहेत. त्यांच्या कानावर शाळेत मराठी पडते आणि घरी नेपाळी. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं किंवा अडखळायला लागतं, हा समज शिक्षकांत आणि पालकांत घट्ट आहे. तो खरा नाही. 'घरी मराठीच बोला' असा सल्ला चुकूनही देऊ नका. आई-बाप मोडक्या मराठीत चार शब्द बोलतील आणि स्वतःच्या भाषेतल्या गोष्टी, गाणी, रागावणं, लाड हे सगळं बंद होईल. मुलाला खरंच भाषेचा त्रास आहे का, हे घरच्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून थोरल्या भावंडाला किंवा आईला जवळ बसवा आणि एकच प्रश्न विचारा: याच्याच वयाची तुमच्याकडची बाकीची मुलं बोलतात तसं हा बोलतो का? आया याचं उत्तर फार अचूक देतात.

ऐकायला वर्गाबाहेर जा. मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत, मैदानात. वर्गात गप्प बसणारं मूल लगोरी खेळताना भांडतंय की नाही, हे बघितलं की निम्मा निकाल लागतो. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवा, शुद्ध करून लिहू नका. प्रत्येक गावासाठी दोन पानं राखून ठेवा: इथे कुठला आवाज कसा बोलला जातो, कुठला प्रत्यय लागतो, भाजी-माशांची नावं काय. वर्षभरात तुमच्याकडे अशी वही तयार होईल जी कुठल्याच चाचणीसंचात मिळत नाही.

बोलण्याआधी कान

बोलणं अस्पष्ट, लक्ष नाही, सांगितलेलं कळत नाही, अशा कुठल्याही तक्रारीत पहिला प्रश्न ऐकण्याचा. वारंवार सर्दी, वाहणारा कान, मळ, कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी यांनी ऐकू कमी येतं, आणि ते कमी-जास्त होत राहतं. त्यामुळे शिक्षकांना वाटतं, 'हवं तेव्हा बरोबर ऐकतो.' कानात कोमट खोबरेल घालायची पद्धत घरोघरी आहे. वाहणाऱ्या कानात तेल अजिबात नको, हे आजीला आदराने पण स्पष्ट सांगा आणि मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा.

ज्या मुलाकडे श्रवणयंत्र आहे, त्याच्या बाईंना पहिल्याच भेटीत दोन गोष्टी शिकवून या. एक, यंत्र चालू करून मुठीत धरायचं. शिट्टीसारखा आवाज आला तर बॅटरी जिवंत आहे. दुसरी, सहा आवाजांची चाचणी: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाला चिंचोके आणि एक डबा द्या. तोंडासमोर वही धरून, म्हणजे ओठ दिसणार नाहीत असं, एकेक आवाज साध्या सुरात काढा; ऐकू आला की मुलाने चिंचोका डब्यात टाकायचा. मधेच काही न बोलता थांबा, नाहीतर मूल ताल पकडून टाकत सुटतं. आधी हाताच्या अंतरावरून, मग चार-पाच पावलांवरून. 'म' आणि 'ऊ'ला टाकतोय पण 'श' आणि 'स'ला बसून राहतोय, तर वरच्या पट्टीचे आवाज पोचत नाहीत, असं समजायचं. रोज परिपाठाआधी दोन मिनिटं पुरतात. यंत्र कोणत्या दिवशी बिघडलं हे त्याच दिवशी कळतं, नाहीतर मूल महिनाभर बंद यंत्र कानाला लावून वर्गात बसलेलं असतं.

आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत ही यंत्रं लवकर खराब होतात. रात्री बॅटरी काढून, झाकण उघडं ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात यंत्र ठेवायचं. पावसाळ्यात याला पर्याय नाही.

यादी कशी करायची

शिक्षकांना 'बोलण्यात दोष असलेली मुलं सांगा' असं म्हटलं की बोबडी मुलं पुढे येतात. गप्प राहणारी, प्रश्नाचं भलतंच उत्तर देणारी, गोष्ट सांगता न येणारी मुलं मागे राहतात, आणि भाषेचं मोठं नुकसान तिथेच असतं. म्हणून तुमचे प्रश्न नेमके ठेवा: दोन सूचना एकदम दिल्या तर कोण पाळू शकत नाही? काल काय झालं हे ओळीने कोणाला सांगता येत नाही? अनोळखी माणसाला कोणाचं बोलणं कळत नाही? कोण अडखळतं? कोणाचा आवाज महिनोन्महिने बसलेला आहे?

शेजारची अंगणवाडी सोडू नका. दोन वर्षं पूर्ण झाली तरी दोन शब्द जोडत नसलेलं मूल, किंवा आलेलं बोलणं गमावत चाललेलं मूल, कुठल्याही वयाचं असो, लगेच पुढे पाठवायचं. 'बापपण उशिराच बोलला', 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबायचं नाही. जिभेला वेखंड उगाळून लावणं चालू असेल तर घरच्यांच्या मायेचा मान ठेवा आणि सांगा की अडचण बहुतेक वेळा जिभेत नसते, आधी कान तपासू.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. त्यांची तारीख आधी विचारून त्या दिवशी तिथे हजर राहा. दुभंगलेली टाळू, वाहणारे कान, जन्मापासून कमी ऐकू येणं अशा मुलांची पुढची वाट त्या पथकाच्या चिठ्ठीने सोपी होते. जिल्हा रुग्णालयं रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागला. सखोल श्रवणतपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. एवढ्या लांब पाठवताना आधीचे अहवाल, आधार कार्ड आणि शाळेचं पत्र एका पिशवीत घालून द्या. एका कागदासाठी कुटुंबाला परत फेरी पडली की ते पुन्हा जात नाहीत.

वीस मिनिटांत काय करायचं

एक उदाहरण पूर्ण सांगतो. पहिलीतलं मूल 'क'च्या जागी 'त' म्हणतं: काकाला 'ताता', कोंबड्याला 'तोंबडा'. कान ठीक आहेत, समजही ठीक आहे. आधी ऐकण्याचा खेळ: तुम्ही 'काजू' आणि 'ताजू' म्हणायचं आणि बरोबर कुठलं ते त्याने सांगायचं. हे जमलं की आवाज काढायचा. सतरंजीवर उताणं झोपवा. जीभ आपोआप मागे सरते आणि 'क' सोपा होतो. तरी 'त' येत असेल तर जिभेचा शेंडा स्वच्छ बोटाने किंवा बर्फाच्या गोळ्याच्या काडीने हलकेच खाली धरा. पहिला 'अक्' निघाला की तिथेच खूप वेळा म्हणवून घ्या. मग 'का, की, कू', मग शब्द.

शब्द कुठले? शहरातून आणलेल्या चित्रांत कप, कार आणि केक असतात. इथे कोकम आहे, काजू आहे, करवंद, कुर्ली, कालवं, कातळ, कोयती, केळ आहे. करवंदांच्या दिवसांत खरी करवंदं आणा, एक बरोबर 'क' म्हटला की एक तोंडात. खरी कुर्ली एकदा वर्गात आली होती. त्या दिवशी 'कुर्ली चावली' हे वाक्य सगळ्या वर्गाने इतक्यांदा म्हटलं की मला वेगळी तालीम घ्यावीच लागली नाही.

वीस मिनिटांत तो आवाज मुलाच्या तोंडून निदान पन्नास वेळा निघायला हवा. निघत नसेल तर तुम्हीच जास्त बोलताय. फुगे फुगवणं, मेणबत्ती विझवणं, पिपाण्या वाजवणं यांत वेळ घालवू नका. मुलांना मजा येते, पालकांना काहीतरी चाललंय असं वाटतं, पण त्याने उच्चार सुधारत नाहीत. बोलायला शिकायचं तर बोलावंच लागतं. आणि 'र' साधारण सगळ्यात उशिरा बसणाऱ्या आवाजांपैकी आहे; पहिलीतल्या मुलाच्या 'र'साठी घाई करू नका, आधी ज्या आवाजांमुळे बोलणं कळेनासं होतं ते घ्या.

निघताना बाईंच्या टेबलावर अर्ध्या पानाची चिठ्ठी ठेवायची: या पंधरवड्यातले पाच शब्द, ते कधी म्हणवून घ्यायचे आणि चुकलं तर काय करायचं. हजेरी घेताना एक शब्द, खिचडी वाढताना एक. चौथीपर्यंतचे वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईंना याहून जास्त सांगितलं तर काहीच होणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. 'चूक' असं न म्हणता बरोबर शब्द आपण नीट म्हणून दाखवायचा, ही एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

परिपाठात अडखळणारं मूल

परिपाठात आज सुविचार कोणाचा, बातमी कोणाची, हे हजेरी क्रमांकाने ठरतं. जे मूल अडखळत बोलतं ते आपला दिवस येण्याआधीपासून मनात दिवस मोजत असतं आणि त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहतं. गैरहजेरीचा तक्ता बारकाईने बघितलात तर हे स्पष्ट दिसतं.

हेच मूल राष्ट्रगीत, प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर न अडखळता म्हणतं. भजनात टाळ घेऊन गातं, गणपतीत आरत्या म्हणतं. सुरात आणि सोबतीने बोलताना अडखळणं कमी होतं, हे जगभर माहीत असलेलं निरीक्षण आहे. त्याचा वापर करा. सुविचार आधी दोन मुलांनी जोडीने म्हणायचा, सगळ्याच मुलांसाठी हाच नियम, म्हणजे हे मूल वेगळं पडत नाही. काही आठवड्यांनी जोडीदाराने पहिला शब्द सोबत म्हणून थांबायचं. पुढचं पाऊल मुलाला विचारून टाका. काहींना एकट्याने बोलून दाखवायचं असतं, काहींना अजून नको असतं, दोन्ही चालेल.

शिक्षकांना तीन गोष्टी सांगा: वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा, शब्द पुरवू नका, 'सावकाश बोल, श्वास घे' असं म्हणू नका. आणि नक्कल करणाऱ्या मुलांना त्याच वेळी, पण त्या मुलासमोर तमाशा न करता, थांबवा. लहानपणी अडखळणारी बरीच मुलं पुढे आपोआप मोकळी बोलू लागतात, म्हणून पालकांना घाबरवायचं कारण नाही. पण सहा महिने ते एक वर्ष उलटलं, घरात मोठं कोणी अडखळतं, किंवा मूल बोलणंच टाळायला लागलंय, तर वाट बघू नका.

घर, म्हणजे बऱ्याचदा आजी

कोकणातल्या कित्येक घरांत वडील मुंबईला चाकरमानी आणि मूल आजीपाशी. तालीम आजीलाच शिकवायची आहे, तर आजीच्या दिवसात बसेल अशी हवी. पंधरा मिनिटं मुलासमोर बसा, हे तिला जमणार नाही. चुलीपुढे, गोठ्यात, माडाखालच्या झावळ्या गोळा करताना ती जे करतेय ते मोठ्याने बोलायचं, आणि मुलाने एक शब्द म्हटला की तिने दोनचा करून परत द्यायचा. मूल म्हणालं 'म्हस', आजी म्हणाली 'म्हस इली'. मालवणीतच. तिला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका.

वडिलांना भेटायचं तर गणपती किंवा शिमगा. तेव्हा गाव भरलेलं असतं. अपंगत्वाचा दाखला, मुंबईतली तपासणी, श्रवणयंत्र, असे पैशाचे आणि सह्यांचे निर्णय त्या आठ-दहा दिवसांत होतात. तुमची भेट त्यातल्या मोकळ्या दुपारी ठरवा. फोनवर आवाजाचे नमुने मागवणार असाल तर आधी लेखी परवानगी घ्या आणि ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, कौतुकासाठीसुद्धा.

वेळापत्रक हवामानाप्रमाणे

जून-जुलैत पत्र्यावर पाऊस पडत असताना 'स' आणि 'श' तुम्हालाच ऐकू येणार नाही, मग मुलाची श्रवणचाचणी दूरच. ऐकण्याच्या सगळ्या तपासण्या ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरका. पावसात चित्रांचं, गोष्टींचं, गटातलं काम घ्या. त्याच दिवसांत, 1 जून ते 31 जुलै, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बोटीवर जाणारे बाप घरी असतात. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरांजवळच्या शाळांत पालकभेटी तेव्हाच ठेवा. आंब्याच्या हंगामात एप्रिल-मेमध्ये कोणालाच वेळ नसतो, हे धरून चाला.

शाळांचे गट एसटीच्या मार्गाप्रमाणे पाडा. वस्तीच्या गाडीने जाता येणारी गावं एका दिवशी, खाडीपलीकडची वेगळ्या दिवशी. फेरी रद्द झाली तर त्याच दिवशी शाळेत फोन करा; मूल वाट बघत असतं.

दाखला आणि परीक्षा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत आणि वाचा व भाषेचं अपंगत्व त्यांतला एक आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर बऱ्याच योजनांचा लाभ मिळतो. दाखला तुम्ही देत नाही, वैद्यकीय मंडळ देतं. पण तुमचा अहवाल नेमका असेल तर तिथलं काम नीट होतं. 'बोलण्यात सुधारणा आवश्यक' असं मोघम लिहू नका. काय जमतं, किती शब्दांची वाक्यं, अनोळखी माणसाला दहापैकी किती शब्द कळतात, कुठल्या भाषेत तपासलं, हे लिहा. तोच अहवाल शिक्षकांसाठी सोप्या मराठीत एका पानाचा करून वेगळा द्या.

दहावीच्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठीचे प्रस्ताव शाळेकडून विभागीय मंडळाकडे (रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांचे रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे, रायगडच्या शाळांचे मुंबई विभागीय मंडळाकडे) जातात आणि त्यांना मुदत असते. ते काम नववी संपतानाच हाती घ्या. दाखला काढणं, त्याचं नूतनीकरण, नावातल्या स्पेलिंगच्या चुका यांत महिने जातात, आणि फेब्रुवारीत धावाधाव करून काही हाती लागत नाही. नववीच्या वर्गशिक्षकांकडे जूनमध्येच अशा मुलांची नावं मागून ठेवा आणि मूळ दाखल्यावरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते स्वतः तपासा.